शिडीवर चढणार कोण?

पायथागोरसचं प्रमेय मी किती मुलांच्या गळी उतरवलं असेल त्याची गणती नाही. त्या प्रमेयावर एक उदाहरण ठरलेलं असतं. एक शिडी भिंतीला टेकवली आहे, शिडीचा पाय भिंतीपासून इतक्या अंतरावर आहे, खिडकी इतक्या उंचीवर आहे, तर शिडीची लांबी किती? मी फळ्यावर एक तिरकी रेघ ओढायची आणि म्हणायची, ही शिडी. मुलं मान डोलवायची. खरी शिडी मात्र मी निवृत्त होईपर्यंत कधी हातात धरली नव्हती. माळ्यावरचं काही काढायचं झालं तर घरात स्टूल होतं आणि स्टुलावर चढायला नवरा होता.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या गाडीमुळे. निवृत्तीनंतर लोक सकाळी टेकडीवर जातात, नातवंडं सांभाळतात, वर्तमानपत्राला पत्रं लिहितात. आमच्या ह्यांनी एक जुनी प्रवासी व्हॅन घेतली, तिच्यातल्या सीटा काढल्या आणि आत पलंग, ओटा, छोटं बेसिन आणि हातभर फ्रीज बसवून घेतला. त्याला म्हणे मोटरहोम म्हणतात. आमच्या सोसायटीत तिचं नाव ‘चाकावरचं बिऱ्हाड’ पडलं. चौथ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला, “सदर वस्तू घर असल्यास मेंटेनन्स भरावा, वाहन असल्यास हलवावे.” खाली सही नव्हती, पण अक्षर सेक्रेटरींचं होतं आणि ऱ्हस्व-दीर्घ अचूक होते. मी म्हटलं, हलवा बाई एकदाची.

मग गाडी कात्रजच्या पुढे एका प्लॉटवर जाऊन उभी राहिली. प्लॉटचे मालक मूळचे तिथल्याच गावचे, गाव शहरात आलं तशी शेती जाऊन प्लॉट राहिले. भला माणूस. गाडी जांभळाखाली लावा म्हणाले, सावली मिळंल. सावली मिळाली, आणि जांभळावरच्या पाखरांनी गाडीच्या टपाची रांगोळी केली.

आता टपावर काय असतं ते सांगते, नाहीतर शिडीचं एवढं काय घेऊन बसलात असं वाटेल. टपावर सोलरचं पॅनल असतं, ते आठवड्यातून एकदा पुसावं लागतं, नाहीतर आतला फ्रीज आणि पंखा दोन्ही रुसतात. हवा जाण्यासाठी झाकणाची खिडकी असते, तिच्या कडेचं रबर बघावं लागतं, नाहीतर पाऊस थेट उशीवर. आणि तिसरं, जे कुठल्याही माहितीपत्रकात नाही, ते म्हणजे यांचा चहा. गाडी घेतल्यापासून भेटेल त्याला एकच गोष्ट सांगायचे: “सातपुड्यात गाडी लावायची, उजाडताना टपावर बसायचं आणि चहा प्यायचा.” मी विचारायची, चहा वर कसा येणार? तर म्हणायचे, तू देशील की खालून.

आता खरी गोष्ट. शिडी शोधायला लागलो त्याच्या आदल्या दिवाळीत हे बाल्कनीत आकाशकंदील लावायला स्टुलावर चढले. मान वर केली आणि एकदम गरगरलं. हाताला ग्रिल लागलं म्हणून बाहेर नाही, आत पडले. मी स्वयंपाकघरातून धावत आले तर जमिनीवर बसलेले, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणतात, “कंदील फाटला का बघ.” डॉक्टरांनी सांगितलं, कानात तोल सांभाळणारे बारीक कण असतात, ते जागचे हलले की मान वर केल्यावर चक्कर येते. मानेचे व्यायाम करा. गाडी चालवा, तिथं समोर बघायचं असतं. पण स्टूल, शिडी, माळा बंद. हे म्हणाले, बरं. महिन्याभरात जाहीर करून टाकलं, मी आता ठणठणीत आहे.

ठणठणीत! विचारणार कोण? आमच्याकडे दुखण्याबद्दल बोलायची पद्धत नाही. यांच्या घरात ताप आला तरी “जरा कसकस वाटतेय” इतकंच म्हणतात, आणि तेही दुसऱ्यानं कपाळाला हात लावल्यावर.

तर माझी पंचाईत बघा. चांगली, मजबूत, सुरक्षित शिडी घेतली तर हे बिनधास्त तीवर चढणार. वाईट घेतली तर चढणार आणि पडणार. घेतलीच नाही तर मागच्या स्टेपनीवर एक पाय, खिडकीच्या कडेवर दुसरा, असे माकडासारखे चढणार, कारण पॅनल पुसायचंच आहे. इकडे आड तिकडे विहीर. लेक बंगळुरूहून रोज फोन करायची, “आई, बाबांना टपावर चढू देऊ नकोस. नाहीतर गाडी विकून टाका.” विकून टाका म्हणे. यांनी त्या गाडीचे पडदे स्वतः बसून शिवले होते. ज्या माणसानं आयुष्यात शर्टाचं बटण लावलं नाही त्यानं पडदे शिवले. कुठल्या तोंडानं सांगू विका म्हणून?

पहिल्यांदा आम्ही दोघं रविवार पेठेत गेलो, हार्डवेअरच्या गल्लीत. दुकानदार चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, “कसली शिडी?”

“साधी,” मी म्हटलं.

“साधी म्हणजे? ॲल्युमिनियम, फायबर, लोखंड? टेकवायची, घोड्याची, घडीची, दुर्बिणीसारखी आत सरकणारी? उंची किती? वजन किती घेणार? जमीन कशी? आणि चढणार कोण?”

शेवटच्या प्रश्नावर मी ह्यांच्याकडे बघितलं आणि ह्यांनी माझ्याकडे. दुकानदार म्हणाला, “ठरवून या.” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला खिळे मोजायला लागला.

ठरवून या! काय ठरवणार, कप्पाळ? घरी येऊन मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले आणि डोक्याचा पार भुगा झाला. एक गृहस्थ सांगत होते, सरकणारी शिडीच घ्या, दोन-अडीच हातांची होते, पलंगाखाली मावते. दुसरे म्हणत होते, सरकणारी मुळीच घेऊ नका, खटका नीट बसला नाही तर शिडी खाली सरकते आणि बोटं चिमटतात. तिसरे म्हणाले, घोड्याची शिडी, म्हणजे दोन्ही बाजूंना पाय फाकवून उभी राहणारी, सर्वांत स्थिर. चौथ्यांनी तीच घोड्याची शिडी गाडीला लावून दाखवली आणि म्हणाले, घोड्यावरून टपावर पाय टाकू नका, घोडा उलटतो. गाडीच्या मागे कायमची शिडी ठोकून घ्यावी, तर मागचं दार उघडत नाही. टपाच्या कडेला शिडी टेकवावी, तर पत्रा चेपतो. लेकीनं बंगळुरूहून अजून दहा व्हिडिओ पाठवले आणि वर लिहिलं, “हे बघून क्लिअर होईल.” जे काय थोडं क्लिअर होतं तेही गेलं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांना विचारायची चूक केली. त्यांनी कागद मागवला, कोन काढला, घर्षणाचं सूत्र लिहिलं आणि शेवटी म्हणाले, “तत्त्वतः सगळ्याच शिड्या धोकादायक असतात. मी तुमच्या जागी असतो तर गाडीच घेतली नसती.” त्यांची बायको आतून म्हणाली, “तुम्ही कुणाच्याच जागी नसता, म्हणून तर बरं चाललंय जगाचं.” मी कागद घेऊन खाली आले.

मग माझ्या डोक्यात आलं, जुनं ते सोनं. बांबूची शिडी घ्यावी, हलकी, स्वस्त, डोक्याला ताप नाही. एकटीच गेले बुरूड आळीत. टोपल्या, सुपं, चटया आणि भिंतीला टेकवलेल्या शिड्या होत्या. मी एका शिडीला हात लावला, पायरी दाबून बघितली. तेवढ्यात दोन माणसं आली, डोळे सुजलेले, दुकानदाराशी हळू आवाजात काही बोलली. त्यानं त्याच शिड्यांच्या शेजारचे दोन लांब बांबू ओढले, आडवे तुकडे टाकले आणि सुतळीनं तिरडी बांधायला लागला. माझ्या हातातली शिडी आणि त्याच्या पायाशी ती तिरडी. तीच लांबी, तेच आडवे तुकडे. मी शिडी होती तिथं ठेवली आणि तडक मंडईपर्यंत चालत आले. मेथीची जुडी घेतली, कारण रिकाम्या हातानं घरी जाववेना. ह्यांना काही सांगितलं नाही. “बांबूची नको,” एवढंच म्हटलं. “वाकते.”

प्लॉटवाल्यांना आमचा घोळ कळला तेव्हा ते मनापासून हसले. “वैनी, शिडी कशापायी हुडकताय? ट्रॅक्टर हाय की. बाजूला लावतो, त्येच्यावरनं चढा.”

“आणि सातपुड्यात?” मी विचारलं.

“तितं बी कुणाचा तरी ट्रॅक्टर असंलच की.”

मला हसावं की रडावं कळेना.

पण सगळ्यांत गोंधळात टाकलं ते ह्यांनी. हा माणूस चटकन निर्णय घेणारा. मला बघायला आले तेव्हा पोहे संपायच्या आत होकार देऊन मोकळे झाले होते. गाडी घेतली तीही एका सकाळीत. आणि शिडीला मात्र नखरे! आम्ही चार दुकानं फिरलो. एक शिडी मला बरी वाटली, तर म्हणाले, पायऱ्यांमध्ये फार अंतर आहे. अहो, सहा फूट उंची तुमची, तुम्हाला कसलं अंतर? दुसरी म्हणे जड आहे. भरलेला गॅस सिलिंडर एका हातानं सरकवणारा माणूस, ह्याला ॲल्युमिनियम जड? तिसरीची पायरी अरुंद, पायाला रुतेल म्हणाले. चौथ्या दुकानात तर मलाच म्हणाले, “तू उचलून बघ.” मी उचलली. “आता उघड.” मी उघडायचा प्रयत्न केला, जमेना. “नको ही,” म्हणाले आणि बाहेर पडले. मी त्यांच्या मागे रस्त्यात चिडून म्हटलं, “मला कशाला नाचवताय भर दुकानात? चढायचं तुम्हाला, तुम्ही उघडा!” ह्यांनी सरळ रिक्षाला हात केला.

त्याच सुमारास यांची आणखी एक तऱ्हा सुरू झाली होती. आमच्या घरात पाणी वरून प्यायची पद्धत. भांडं ओठांना लावायचं नाही, मान मागे टाकायची आणि धार सोडायची. लेकीला लहानपणी ह्यांनी शिकवलं, जावयाला लग्नानंतर शिकवलं, त्याचा शर्ट ओला होईपर्यंत. बाटलीला तोंड लावलं की हे खेकसायचे, “उष्टं करू नका!” आणि आता स्वतःच बाटलीला तोंड लावून प्यायला लागले. मी म्हटलं, “काय हो, म्हातारपणी सोवळं सुटलं वाटतं?” म्हणाले, “सांडतं.” आणि आपली बाटली वेगळी ठेवायला लागले, वर लाल रबरबँड लावून. मला वाटलं, आला कंटाळा माणसाला नियमांचा. मी गणिताची बाई. दोन आणि दोन समोर मांडून ठेवले असताना चार म्हणायला मला किती वेळ लागावा!

शेवटी एका सकाळी मी वैतागून कागद-पेन्सिल घेतली. म्हटलं, हे काम माझं आहे. टपाची उंची नऊ फूट. शिडीचा पाय गाडीपासून सव्वादोन फूट, म्हणजे उंचीच्या पाव, हे सगळे व्हिडिओवाले एकमतानं सांगत होते, बाकी कशावर एकमत नसलं तरी. नऊचा वर्ग, सव्वादोनचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. सव्वानऊच्या आसपास उत्तर आलं. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. ह्यांना न विचारता रविवार पेठेत गेले आणि चष्म्यावरून बघणाऱ्या दुकानदाराला सांगितलं, “सरकणारी, ॲल्युमिनियमची, साडेनऊ फुटी.”

“ठरलं का, चढणार कोण?”

“ते आमचं आम्ही बघू.”

“बघा,” तो म्हणाला. “पडल्यावर आम्हाला विचारायला येतात, म्हणून विचारलं.”

रविवारी प्लॉटवर गेलो. मी शिडी टेकवली आणि काय सांगू, फळ्यावरच्या आकृतीसारखी नेमकी टपाच्या कडेला लागली. बोटभर वर, बस्स. मला शाबासकीची अपेक्षा होती. हे शिडीपाशी गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. माझा जीव टांगणीला लागला, “अहो, थांबा” ओठांवर आलं. ह्यांनी मान किंचित वर केली आणि लगेच पाय खाली घेतला. शिडीला धरून क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, “लांडी आहे.”

“लांडी? गणित करून आणलीय!”

“गणितात शिडी टपाला टेकते आणि उदाहरण संपतं. वर पोचल्यावर माणसानं हाताला काय धरायचं? टपावर पाय टाकताना शिडी कमरेइतकी वर यायला हवी. आणि तसंच उतरताना.”

एवढ्या पिढ्या मी त्या शिडीवर चढवल्या आणि एकालाही उतरवलं नाही. तिथं कोण चढणार, कुठं धरणार, परत खाली कसं येणार, हे पुस्तकात नव्हतं आणि माझ्याही डोक्यात कधी आलं नाही. राग आला, पण कोणाचा ते कळेना. म्हणून ह्यांच्यावर काढला. “तुम्हाला कुठलीच पसंत पडणार नाही! चढायचंच नसेल तर तसं सांगा!”

हे म्हणाले, “बदलून आणू.” एवढंच.

दुकानात भल्या मोठ्या अक्षरांत पाटी होती, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हुज्जत घातल्यास अजिबातच नाही.’ हे दुकानदाराला म्हणाले, “परत नको, बदलून हवी. तीन फूट मोठी.” दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. “बाईंनी हिशेब केला होता ना?” मी म्हटलं, “हिशेब बरोबर होता. शिडी चुकली.” तो पहिल्यांदाच हसला आणि आतून साडेबारा फुटी शिडी काढली.

आणि तिथं पुन्हा तेच. ह्यांनी ती शिडी माझ्यासमोर धरली. “उचल.” उचलली. “उघड, खालून एक एक पायरी.” खट्, खट् करत उघडली. “बंद कर. अंगठा आत नको.” केली. “पुन्हा.” चार गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मला शरमल्यासारखं झालं, पण या वेळी मी भांडले नाही, कारण उघडली आणि मिटली की ती शिडी माझी मलाच सोपी वाटायला लागली होती. पायऱ्या जवळ जवळ होत्या, रुंद होत्या. हे दुकानदाराला म्हणाले, “ही द्या.” मी मनात म्हटलं, अरे देवा, शेवटी पसंत पडली. आता हे चढणार.

पुढच्या रविवारी मी सकाळपासून देवाला नवस बोलत होते. काहीतरी होऊ दे आणि आज पॅनल पुसायचं राहू दे. बोलायची हिंमत मात्र होत नव्हती. काय बोलू? चढू नका म्हटलं तर तो माणूस त्या पडद्यांकडे बघणार, आणि मग गाडी विकायची गोष्ट निघणार, आणि मग आम्ही दोघं सोसायटीच्या बाकावर बसून पार्किंगवरून भांडणाऱ्या लोकांत सामील होणार. नको म्हटलं तर हे मोडणार आणि हो म्हटलं तर यांची हाडं.

प्लॉटवर ऊन चांगलंच तापलं होतं. ह्यांनी शिडी उघडली, पायाखालची माती सपाट केली, फळी टाकली, शिडी टेकवली. टपाच्या कडेनं सामान बांधायचा पाईप आहे, त्याला शिडीचे दोन्ही खांब दोरीनं आवळले. हे बांधायचं काम गाडीच्या आतून केलं, पलंगावर उभं राहून झाकणाच्या खिडकीतून हात बाहेर काढून, चेहरा मात्र खाली. मला वाटलं, विचित्रच आहे, आंधळ्यासारखं काय बांधताहेत? घामानं शर्ट चिकटला होता. प्लॉटवाले तांब्या घेऊन आले. “घ्या साहेब, पाणी घ्या.”

ह्यांनी तांब्या हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि परत दिला. “नको. तहान नाही.”

घामाघूम माणूस, भर उन्हात, तहान नाही! तांब्या लोकांचा. त्याला तोंड लावता येत नाही. वरून प्यायचं तर मान मागे टाकायला हवी.

आणि तेव्हा, शेवटी एकदाचे, माझे दोन आणि दोन चार झाले. लाल रबरबँड. “सांडतं.” पहिल्या पायरीवरून खाली घेतलेला पाय. मला एकदम रडू आलं आणि रडूही नको होतं. ठणठणीत काही नव्हतं. वर्षभर हा माणूस मान वर न करता जगत होता आणि मला पत्ता नव्हता.

प्लॉटवाले तांब्या जांभळाच्या चौथऱ्यावर ठेवून ट्रॅक्टरकडे गेले. हे गाडीत शिरले आणि बाहेर आले ते हातात माझे बूट घेऊन. मी टेकडीवर जाण्यासाठी घेतले होते ते, रबरी तळव्याचे. घरून कधी घेऊन आले होते कोण जाणे.

“चढ,” म्हणाले.

“मी?”

“मग कोण? मला अजून गरगरतं वर बघितलं की.” हे त्यांनी माझ्याकडे न बघता, बुटाची नाडी सोडवत सांगितलं. “तुझ्या मापाची शिडी मिळेना म्हणून इतके दिवस गेले. तुझे पाय आखूड.”

“आधी सांगायला काय झालं होतं?”

“आधी सांगितलं असतं तर तू गाडी विकायला काढली असतीस.”

मी, गाडी! मी ओरडणार होते, मी कशाला विकेन, मी तर देवाला नवस बोलतेय! त्याऐवजी मी बूट घातले. पंजाबी ड्रेसची ओढणी काढून त्यांच्या खांद्यावर टाकली.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? पाचव्या पायरीवर मी अख्ख्या पायथागोरसच्या खानदानाचा उद्धार केला. हे खालून सांगत होते, “एका वेळी एकच काहीतरी हलव. हात तरी, नाहीतर पाय.” वर शिडीचे ते जास्तीचे तीन फूट हाताला लागले तेव्हा कळलं ते कशाला असतात. धरलं आणि टपावर गुडघा टाकला. पोचले. ओल्या फडक्यानं पॅनल पुसलं, रबर बघितलं, आणि मग तिथंच बसले. घाटाकडचे डोंगर दिसत होते, मधे इमारतींचं जंगल, आणि जांभळाची फांदी इतकी जवळ की हात लावावा.

“काय दिसतंय?” खालून आवाज आला.

मी कडेवरून वाकून बघितलं. हे शिडीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. तोंड वर, माझ्याकडे, आणि डोळे गच्च मिटलेले. चेहरा आकाशकंदिलाच्या दिवशी होता तसा पांढरा. बोटं शिडीवर इतकी आवळलेली की शिडी थरथरत होती.

“अहो, खाली बघा!”

“तू वर असताना मी खाली काय बघू?”

“आधी मान खाली करा म्हणते ना!”

नाही केली. हट्टी माणूस. मी घाईघाईनं दिसत होतं ते सांगितलं, डोंगर, इमारती, जांभूळ, एक घार, होती नव्हती ती सगळी. मग म्हटलं, “ऐका. मला उतरायची भीती वाटतेय. वर बघून उपयोग नाही. माझ्या पावलांकडे बघा आणि पाय पायरीवर नीट पडतोय का ते सांगा. नाहीतर मी उतरत नाही.”

आता भीती मला माझी नव्हतीच. पण ह्यांनी डोळे उघडले, मान सरळ केली आणि समोरच्या पायऱ्यांकडे बघायला लागले. “हं. सोड डावा. अजून खाली. पडला. आता उजवा.” आवाज हळूहळू जागेवर आला. माझी पावलं त्यांच्या डोळ्यांसमोर आली तशी त्यांनी एक हात शिडीवरून काढून माझ्या टाचेला लावला, आणि मी जमिनीवर येईपर्यंत तो हात तिथंच होता.

प्लॉटवाले परत आले, “झालं का वैनी? लई भारी!” तांब्या तिथंच चौथऱ्यावर होता. मी तो उचलला, चांगला ओठांना लावला आणि घटाघटा पाणी प्यायले. प्लॉटवाले बघतच राहिले. पुण्याची शिकलेली बाई, आणि लोकांच्या तांब्याला तोंड लावते! मग मी तांब्या ह्यांच्यापुढे केला.

“घ्या,” मी म्हटलं. “उष्टाच झालाय आता. तोंड लावूनच प्या.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, सरळ, मान न हलवता. तांब्या घेतला, ओठांना लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.